क्योटोतलं गाऱ्हाणं

माझा आवाज मोठा आहे. कौतुक म्हणून सांगत नाही. लोक तक्रार म्हणून सांगतात, तेच पुढे सांगतोय. एका खोलीत दोन दोन इयत्ता घेऊन बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं की आवाज असाच होतो. त्यात गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे. त्यामुळे घरात मी नुसतं "मीठ दे" म्हटलं तरी खालच्या पाखाडीच्या पायऱ्यांवरून जाणारा माणूस थांबून वर बघतो.

गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावाच्या वतीनं देवाशी बोलणं. आपण पुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, बा म्हाराजा, वर्षभराची चूकभूल पदरात घे, भातशेती राख, आंब्याची कलमं राख, मुंबईत कामाला गेलेल्या पोरांना सुखरूप ठेव. प्रत्येक वाक्याला मागे उभी असलेली माणसं एका सुरात म्हणतात, "होय म्हाराजा!" वडिलांनी हे काम माझ्याकडे दिलं तेव्हा एकच नियम सांगितला. "घालणाऱ्यानं स्वतः होय म्हणायचं नाय. मागणारा तूच आणि रुकार देणारा पण तूच, असा कसा चालेल?" हा नियम मी चाळीस वर्षं पाळला. बाकीचे फारसे पाळले नाहीत, हे पुढे कळेलच.

आम्हाला एकच मुलगी. ती सहा वर्षं जपानात आहे, ओसाकाला, यंत्रांचे आराखडे काढायच्या कामावर. पहिली चार वर्षं "पुढच्या वर्षी येते" असं म्हणत होती. नंतर ते म्हणायची बंद झाली आणि आम्हीही विचारायचं सोडलं. गेल्या गणपतीत फोनवर म्हणाली, "बाबा, कंपनी मला कायमचं ठेवून घेतेय. वर्षअखेरीपर्यंत कळवायचंय. तुम्ही दोघं एकदा येऊन बघून जा, मग मी काय ते ठरवते."

"मग ठरवते" हे शब्द मी धरून बसलो. अजून ठरलेलं नाही म्हणजे अजून जागा आहे, असा मास्तरी हिशेब. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी देवळात गेलो आणि गुरवाला म्हटलं, कौल लाव.

आमच्याकडे कौलाची पद्धत साधी. देवीच्या पाषाणावर गुरव दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो, आणि आपण बघत बसायचं. आधी उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न होता, लेक परत घरी येईल काय. डावी पडली. मी म्हटलं, कळी नीट चिकटली नव्हती, परत लाव. परत डावी. मी म्हटलं, पंख्याचा वारा लागतोय. पंखा बंद केला. तिसऱ्यांदा डावी पडली तेव्हा गुरव ताम्हन खाली ठेवून म्हणाला, "गुरुजी, देवी हाय ती. तुमच्या वर्गातला पोर नाय, उत्तर बदलेपर्यंत उभा करून ठेवायला."

घरी आलो तर आमची ही पडवीत कुळीथ निवडत बसलेली. तोंडानं काही विचारलं नाही, नुसतं वर बघितलं. आणि ज्या माणसानं बत्तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नये म्हणून छड्या मारल्या, तो माणूस खणखणीत आवाजात म्हणाला, "उजवा!" तिनं संध्याकाळी शिरा केला. मी दोनदा मागून खाल्ला.

निघायच्या आधी दोघींनी मला एकेक अट घातली. लेकीची अट: बाबा, नारळ आणायचा नाही, विमानतळावर पकडतात. हिची अट: तिकडे गेल्यावर परत यायचा विषय काढायचा नाही. "पोर सहा वर्षांनी आपल्याला आपलं घर दाखवतेय. ते गोड मानून बघायचं. तुमच्या तोंडाला आठ दिवस कुलूप." मी म्हटलं, कबूल. देवाचा कौल उजवा आहे तर मला बोलायची गरजच काय, असंही वर म्हटलं. आता आठवलं की माझा मीच कान धरतो.

तिची जागा दोन खोल्यांची. नीटनेटकी, पण आमची पडवी तेवढी मोठी असेल. पहिल्या दिवशी मी दारातून "वा!" म्हटलं आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं. "बाबा, हळू. भिंती पातळ आहेत." त्या आठ दिवसांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतसुद्धा हळू घोरायला लागलो, असं ही सांगते. ते खरं नसावं.

मोहोर यायच्या आत परतायचं म्हणून आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो. लेकीनं एक रविवार क्योटोच्या देवळांसाठी ठेवला. सात देवळांची यादी केली होती, प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली. सातातली तीन झाली, आणि त्याचं श्रेय सर्वस्वी माझं.

पहिलं देऊळ लाकडाचं, भलंमोठं, आत गुळगुळीत फळ्यांची जमीन. तिथे बूट काढून हातात पिशवीत घ्यायचे. इथपर्यंत ठीक. पण रत्नागिरीच्या माणसाला मोजे कशाला लागतात? माझ्याकडचा एकुलता एक जोड शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी घेतलेला. बूट काढले तर उजव्या पायाचा अंगठा मोज्यातून पूर्ण बाहेर. आजूबाजूला शंभर माणसं, एकेकाचे मोजे पांढरेशुभ्र, आणि मध्ये माझा अंगठा. मी तो डाव्या पायाखाली लपवून उभा राहिलो. त्या अवस्थेत बुद्धाला नमस्कार करायला वाकलो आणि तोल जाऊन पुढच्या गृहस्थाच्या पाठीवर आपटलो. त्यांनीच माझी तीनदा माफी मागितली. त्यामुळे मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मूर्ती सुंदर होती. काळोखात सोनं मंद दिसत होतं. हात जोडल्यावर मला सवयीनं प्रदक्षिणा घालावीशी वाटली. आपल्याकडे गाभाऱ्याला वाट असतेच, इथेही असणार, म्हणून मी डावीकडच्या पडद्याआड शिरलो. तिथे एक बोळ होता. बोळाच्या शेवटी एक खोली, खोलीत झाडू, बादल्या आणि डबा खात बसलेले दोन तरुण भिक्षू. त्यांच्या काड्या हवेतच थांबल्या. मी हात जोडून "चालू द्या, चालू द्या" म्हटलं आणि आलो तसा परत फिरलो. बाहेर लेक माझी वाट बघत उभी होती. तिनं कपाळाला हात लावला, पण हसली. सहा वर्षांत मी तिला हसताना फोनवरच बघितलं होतं. समोर हसली तेव्हा तिच्या उजव्या गालावरची खळी अजून आहे हे कळलं. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या देवळात शेवाळाची बाग. होय, शेवाळाची. लोक रांगा लावून तिकीट काढून शेवाळ बघत होते. हिनं तर डोळेच विस्फारले. "अगो बाय, हे आपण चार महिने खराट्यानं घासतो ना अंगणातल्या चिऱ्यांवरनं? गेल्या श्रावणात हे त्याच्यावरनंच सटकले आणि महिनाभर कंबर धरून बसले!" तिथल्या एक आजीबाई गुडघे टेकून चिमट्यानं शेवाळातलं गवत उपटत होत्या. हिला राहवेना. वाकून तिनंही दोन काड्या उपटल्या. आजीबाईंनी बघितलं, हिच्या हाताकडे बघून मान डोलावली. दोघी पाच मिनिटं शेजारी बसून गवत काढत होत्या आणि कुणाला कुणाची भाषा येत नव्हती. लेकीनं फोटो काढला. त्या फोटोत मी नाही, कारण मी तेव्हा पाण्याच्या टाकीपाशी होतो.

त्या टाकीची गोष्ट अशी. दगडी टाकी, वर बांबूचे पळे. मला वाटलं, तीर्थ. उजव्या हाताची ओंजळ केली, पळ्यानं पाणी घेतलं, प्यालो, उरलेलं डोळ्यांना आणि डोक्याला लावलं. पुण्य जास्त मिळावं म्हणून परत एकदा घेतलं. मागून लेक धावत आली. "बाबा, ते हात धुवायचं आणि चूळ भरायचं पाणी आहे!" एव्हाना माझ्या मागे उभ्या असलेल्या एका परदेशी जोडप्यानं माझं बघून तसंच केलं होतं, डोळ्यांना लावण्यासकट. शिक्षकाचं वजन अजून आहे म्हणायचं.

दुपारी बाकावर बसून पोळी आणि लसणीची चटणी खाल्ली. आणि मग तिसरं देऊळ, जिथे मी खरा तमाशा केला.

तो डोंगरच होता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत लाल कमानी, एकीला लागून एक, हजारोंनी. देव कोण, विचारलं तर लेक म्हणाली, भाताचा देव, आणि हे दगडी कोल्हे त्याचे राखणदार. एका कोल्ह्याच्या तोंडात भाताची लोंबी कोरलेली होती. त्या क्षणी मला इतकं घरच्यासारखं वाटलं की काय सांगू! राखणदार म्हणजे आपलाच माणूस. वेशीवर उभा राहतो, रात्री बागेतून फिरतो, चुकलेल्या गुराला घरी आणतो. आल्यापासून ज्या देशात मला साधी दुकानाची पाटी वाचता येत नव्हती, तिथे अखेर ओळखीचं कुणीतरी भेटलं.

म्हणून पहिल्या कमानीशीच मी बूट काढून ठेवले. देवाची कमान म्हणजे चपला बाहेर. लेक म्हणाली, "बाबा, अख्ख्या डोंगरावर कमानी आहेत. कुठपर्यंत असे मोज्यांवर जाणार?" मी म्हटलं, तू गप्प बस, तुला राखणदाराचं काय कळतंय. अंगठा आता उघडपणे बाहेर. पन्नास पावलं गेलो असेन, तर मागून एक कर्मचारी धापा टाकत आला, माझे बूट दोन्ही हातांवर ताटासारखे धरून. कुणाचे तरी विसरले म्हणून उचलून धावत आला होता बिचारा. आम्ही दोघं एकमेकांना वाकून वाकून नमस्कार करत राहिलो. शेवटी लेकीनंच ते घेतले.

मुख्य देवळासमोर जाडजूड दोर, वर घंटा. लेकीनं शिकवलं, घंटा वाजवा, दोनदा वाका, दोन टाळ्या वाजवा, मनातल्या मनात मागा, परत एकदा वाका. "मनातल्या मनात" यावर तिनं जोर दिला होता, हे मला नीट आठवतं. आमच्या मागे तीसचाळीस माणसांची रांग, सगळी शांत.

मी घंटा वाजवली. वाकलो. टाळ्या वाजवल्या. हात जोडून डोळे मिटले. आता माझी बाजू थोडी समजून घ्या. चाळीस वर्षं मी देवासमोर मनातल्या मनात काही मागितलेलं नाही. ते मला येतच नाही. समोर देव, मागे उभी माणसं, जोडलेले हात, आणि तोंडाला आठ दिवसांचं कुलूप. ते कुलूप तिथे तुटलं.

"बा म्हाराजा!" मी म्हटलं. देवळाच्या छपरावरची कबुतरं उडाली. "आज तुझ्या दारात रत्नागिरीची लेकरं येवून उभी ऱ्हायलीत!"

आणि माझ्या शेजारून, तितक्याच मोठ्यानं, "होय म्हाराजा!"

ही! लग्न झाल्यापासून दर शिमग्याला माझ्या मागे उभी असते. तिचाही इलाज नव्हता. बाई डोळे मिटून हात जोडून उभी होती आणि तिला आपण कुठे आहोत याचा पत्ताच नव्हता.

"परका देश, परकी बोली, काय चुकला माकला तर पदरात घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आमची एकुलती एक ल्याक तुझ्या राज्यात हाय. सहा वर्षं तू तिला राखलीस. आता तिला सुखरूप परत घराकडे आणून सोड रे म्हाराजा! म्हातारी माणसं वाट बघतायत!"

या वेळी "होय म्हाराजा" आलं नाही. मी डोळे उघडले. ही डोळे उघडून माझ्याकडे बघत होती, म्हणजे बघून घेईन अशा नजरेनं बघत होती.  दोनतीन मोबाईल माझ्याकडे रोखलेले. पांढऱ्या कपड्यातले एक वयस्क पुजारी बाहेर येऊन उभे होते. आता हे हाकलणार, असं मला वाटलं. त्यांनी कमरेतून खोल वाकून मला नमस्कार केला. त्यांना काय वाटलं कोण जाणे. मग रांगेतली दोनचार माणसंही वाकली.

लेक कुठे होती? ती आमच्याकडे पाठ करून कोल्ह्याच्या चबुतऱ्यापाशी उभी होती. मला वाटलं, लाजेनं. मी जवळ गेलो, म्हटलं, "बाय, चुकलो गो. तोंडातून गेलं." तिनं रुमालानं नाक पुसलं. "असू दे, बाबा. चला, तुम्हाला इथला कौल दाखवते."

इथला कौल म्हटल्यावर माझे कान टवकारले. लाकडी डबा हलवायचा, बारीक भोकातून एक काडी येते, तिच्यावरच्या आकड्याचा कागद मिळतो. त्यावर भविष्य. मी डबा असा हलवला की आत पाचपंचवीस काड्या मोडल्या असतील. कागद मिळाला. वरपासून खालपर्यंत उभ्या अक्षरांच्या ओळी. मी तो लेकीपुढे धरला. "काय म्हणतोय? परत येणार का, त्याचं काही आहे?"

"असतं," ती म्हणाली. "सगळं असतं. हरवलेली वस्तू, आजार, प्रवास. ज्याची वाट बघताय तो माणूस येणार का, तेही असतं."

आणि ती थांबली. चांगलं अर्धं मिनिट. मला वाटलं, अवघड अक्षरं असतील.

"येईल, म्हणतंय," ती म्हणाली. "उशिरा, पण येईल."

मी त्या डोंगरावर उडी मारायचाच बाकी होतो. हिला म्हटलं, बघ! बघितलंस! दोन देशांचे देव एकच सांगतात! ही पिशवीत पाण्याची बाटली शोधायला लागली. बाजूला तारांवर शेकडो कागद बांधलेले होते. मी विचारलं, हे काय? लेक म्हणाली, ज्यांचं वाईट निघतं ते इथेच बांधून जातात, वाईट मागे सोडायचं. चांगलं निघालं तर घरी न्यायचं. मी म्हटलं, मग आपण नेऊया! चार घड्या करून तो कागद मी खिशात, पाकिटाच्या आत, देवीच्या अंगाऱ्याशेजारी ठेवला. लेक माझ्या हाताकडे बघत होती. तिला काहीतरी म्हणायचं होतं. मी पुढच्या देवळाचं विचारलं, तर म्हणाली, पुरे झालं आज.

घरी आल्यावर कागद देवघरात, देवीच्या टाकाखाली. रोज पूजेला तो उचलायचा, पुसायचा, परत ठेवायचा. येईल त्याला सांगायचो. गुरवालाही सांगितलं, जरा टेचातच. तो "बरा झाला, गुरुजी" एवढंच म्हणाला.

डिसेंबरात लेकीनं एक खोकं पाठवलं. आईसाठी गुडघ्यांना लावायच्या पट्ट्या, माझ्यासाठी मोज्यांचे सहा जोड. पट्ट्या कशा लावायच्या ते जपानीत. फोनवर तिनं सांगितलं, मोबाईलमध्ये अमुक दाबून कॅमेरा अक्षरांवर धरा, मराठीत दिसतं. धरला. आणि खरंच दिसलं! मला तर खजिनाच सापडला. मोज्यांचं पाकीट वाचलं, साबण वाचला, बिस्किटांचा डबा वाचला. घरात जपानी असं आणखी काय आहे, म्हणून शोधत शोधत देवघरात गेलो.

भाषांतर वेडंवाकडं होतं. प्रवास: घाई नको. आजार: पाणी नीट पहा. हरवलेली वस्तू: खालच्या जागी मिळेल. आणि त्याच्याखाली: प्रतीक्षा केलेली व्यक्ती: येत नाही.

कॅमेरा हलला असेल म्हणून परत धरला. येत नाही. खिडकीपाशी उजेडात नेला. येत नाही. तीनदा झाल्यावर गुरवाचे शब्द कानात वाजले आणि मी खाली पाटावर बसलो.

ही स्वयंपाकघरातून आली. माझ्या हातातला कागद आणि मोबाईल बघितला. "वाचलात वाटतं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी रात्री सांगितलन् तिनं मला. रडत होती. म्हणाली, बाबांचा चेहरा बघून माझ्याच्यानं खरं वाचवेना." ती माझ्या समोर बसली. "आणि तुमच्या उजव्या कौलाचं म्हणाल, तर गुरवाची बायको मला मच्छीवालीकडे भेटली होती दुसऱ्याच दिवशी. तीनदा डावा झाला म्हणाली. गुरुजींनी पंखासुद्धा बंद करायला लावला म्हणाली."

"आणि लेकीला?"

"तिलाही मीच सांगितलं. जायच्या आधीच."

म्हणजे मी सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं. गुरवाला, गुरवाच्या बायकोला, मच्छीवालीला, इकडच्या देवीला, तिकडच्या कोल्ह्याला. मी तेवढा शिरा खात होतो आणि गावभर कागद नाचवत होतो. आणि लेकीनं तो कागद वाचताना काय केलं, तर बापानं घरात जे केलं होतं तेच केलं. खोटं बोलायला मीच शिकवलं तिला. छडी कुणाला मारायची?

"तिनं कळवलं का मग कंपनीला?" मी विचारलं.

"नाही अजून." ही पदराशी चाळा करत होती. "कंपनीचा कागद भरून ठेवलाय, सही राहिलीय. तिला तिथेच राहायचंय हो. मनापासून आवडतं तिला तिथे. पण तुम्ही तो कागद खिशात घालून आणलात ना, म्हणून हात पुढे होत नाही म्हणते. आठ दिवस उरलेत."

मला राग आला. तिचा नाही, हिचाही नाही. मोज्यातून अंगठा बाहेर काढून जगभर फिरणाऱ्या त्या शहाण्या माणसाचा आला. पोरीनं सहा वर्षांत स्वतःच्या हिमतीवर जे उभं केलं ते तिनं कौतुकानं दाखवलं, आणि मी तिच्याच दारात उभा राहून, तिच्याच देवाला, चाळीस लोकांसमोर सांगितलं, हिला इथून काढ. मला फार वाईट वाटलं. तसं मी हिला म्हटलंही. ती म्हणाली, "आता मला सांगून काय उपयोग. आणि तो कागद आधी घरातनं काढा."

रविवारची सकाळ होती. मी अंगणात गेलो आणि विहिरीजवळच्या कलमाच्या फांदीला तो कागद काथ्यानं बांधला. लेक पाच वर्षांची असताना आम्ही दोघांनी लावलेलं कलम ते. यंदा मोहोर चांगला आलाय. हिनं मागे येऊन बघितलं, म्हणाली, उद्या वांदर नेतील. मी म्हटलं, नेऊ देत. मग तिला म्हटलं, फोन लाव.

लेकीनं उचलला. हिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, "बाय, कागद वाचला मी. आज फाजील काही बोलत नाही. गाऱ्हाणं घालतो, तेवढं ऐक."

 मी चपला काढल्या, हात जोडले. कोणत्या दिशेला तोंड करावं कळेना, म्हणून कलमाकडेच केलं. भिंती पातळ आहेत हे लक्षात ठेवून अगदी हळू सुरुवात केली.

"बाबा," फोनमधून आवाज आला, "ऐकू येत नाही. मोठ्यानं घाला."

"बा म्हाराजा!" मी म्हटलं. "मागच्या खेपेला तुझ्या दारात जो काय मागितला, तो चुकीचा मागितला. म्हातारपणी अक्कल फिरली असा समज आणि तो पदरात घे रे म्हाराजा!"

मागून होय आलं नाही, तरी मी पुढे चालू ठेवलं.

"आमची ल्याक जिथे हाय, तिथे तिचा घर हाय. त्या घराला राख. तिच्या हाताला यश दे. ती तिकडेच ऱ्हाणार, तिला तिकडेच सुखी ठेव रे म्हाराजा!"

आणि मी थांबलो, कारण इथे थांबायचं असतं. मागून आवाज यायचा असतो. ही तोंडाला पदर लावून उभी होती, तिच्याच्यानं ते निघेना. फोनमध्ये लेक हुंदके देत होती, तिच्याच्यानंही निघेना. पाखाडीवरून चाललेला एक माणूस थांबून वर बघत होता. मी बराच वेळ वाट बघितली. गाऱ्हाणं असं अर्ध्यात ठेवता येत नाही.

वडिलांचा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला.

"होय म्हाराजा," मी म्हटलं.